डीएलई-२० : इंजिन झकास, पण थ्रॉटल आणि इग्निशन बसवताना घाई नको

वीस वर्षं मी राजदूत आणि येझदी दुरुस्त केल्या. टू-स्ट्रोकचा आवाज ऐकला की आत प्लग काळा पडलाय की पांढरा, याचा अंदाज येतो. म्हणून पुतण्यानं त्याच्या रिमोटवर उडणाऱ्या ७७ इंची ट्रेनर (शिकाऊ) मॉडेल विमानासाठी डीएलई-२० हे पेट्रोल इंजिन मागवलं, तेव्हा खोकं सरळ माझ्यासमोर आणून ठेवलं. "काका, बसवायचं तुम्हीच." आता पाच महिने हे इंजिन उडतंय, तेव्हा ते घेऊ पाहणाऱ्यांसाठी लिहितो.

२० सीसी, एक सिलिंडर, पेट्रोलमध्ये ऑइल ३०:१. कास्टिंग सुबक आहे. हातानं पंखा (प्रोपेलर) फिरवला की कॉम्प्रेशन बोटांना कळतं. खोक्यात इंजिन, मफलर, प्लग आणि इग्निशनचा डबा येतो. इग्निशनची बॅटरी, स्विच, थ्रॉटल हलवणारा सर्व्हो (छोटी मोटर), पुशरॉड (तिची चाल पोचवणारी सळई), पंखा, टाकी हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. बजेट धरताना हे विसरू नका.

आधी थ्रॉटल. कार्ब्युरेटरचा हात धातूचा असतो. त्याला धातूचाच क्लेव्हिस (चिमट्यासारखी जोडणी) लावला की कंपनानं भोक मोठं होत जातं, आणि धातूवर धातू घासला की रेडिओला त्रास होण्याची शक्यता वेगळीच. मी हाताला बॉल लिंक (गोळीवर फिरणारी जोडणी) लावली, तिच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), आणि पुढे नायलॉनच्या नळीतून नायलॉनचाच पुशरॉड. सर्व्हो इंजिनाजवळ न ठेवता फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं त्या फळीच्या, मागे बसवला. रिटर्न स्प्रिंग काढावी की ठेवावी यावर दोन मतं आहेत. मी ठेवली. स्प्रिंगच्या ताणामुळे बटरफ्लायचा (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेचा) दांडा एका बाजूला टेकून राहतो, खडखडत नाही. सर्व्होला थोडा जास्त जोर लागतो, तेवढं चालतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जोडणी जुळवण्यात. रिमोटवरची दांडी तळाशी आणली की बटरफ्लाय जवळजवळ बंद हवी, दांडी वर नेली की पूर्ण उघडी, आणि दोन्ही टोकांना सर्व्हो गुणगुणता कामा नये. गुणगुणला तर तो अडलाय, बॅटरी खातोय. रिमोटमधून एंड पॉइंट (सर्व्होच्या चालीची हद्द) कमी करण्याआधी सर्व्होच्या हातावरचं भोक बदलून बघा, चाल तिथेच जुळते. दुसरी गोष्ट, बटरफ्लाय पहिली एक तृतीयांश उघडते तेव्हाच बहुतेक ताकद येते. सरळ रेषेत ठेवलं तर अर्ध्या दांडीलाच इंजिन पुरं ओरडतं. म्हणून आम्ही रिमोटमध्ये थ्रॉटल कर्व्ह लावला, म्हणजे दांडी आणि सर्व्होची चाल सरळ रेषेत ठेवली नाही. मधल्या दांडीला सर्व्हो तीस टक्क्यांच्या आसपास. तेव्हापासून विमान उतरवताना पुतण्याचा हात शांत असतो.

आता इग्निशन. हे सीडीआय (इलेक्ट्रॉनिक) आहे, राजदूतसारखे पॉइंट नाहीत. पंख्याच्या हबमधलं चुंबक हॉल सेन्सरसमोरून (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरसमोरून) गेलं की ठिणगी पडते. डबा फोममध्ये गुंडाळून इंजिनाच्या कप्प्यात, आणि रिसिव्हर (रिमोटचा संदेश घेणारा) विमानाच्या पंखांखाली, मध्ये फूटभर अंतर. इग्निशनची बॅटरी स्वतंत्र, ६.६ व्होल्टची लायफे (लिथियमची एक जात). रिसिव्हरच्या बॅटरीवर इग्निशन चालवू नका. प्लगच्या तारेवरची धातूची जाळी हीच अर्थिंग आहे, त्यामुळे टोपी प्लगवर "टक" आवाज होईपर्यंत दाबा. टोपी काढून इग्निशन चालू ठेवलं आणि कोणी पंखा फिरवला, तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि डबा जळू शकतो.

आमची चूक झाली ती स्विचमध्ये. इथल्याच एका दुकानातून स्वस्त सरकता स्विच आणला. तिसऱ्या उड्डाणात, दीडशे फुटांवर, इंजिन एकदम गप्प. पुतण्यानं नाक खाली ठेवून विमान नांगरलेल्या शेतात उतरवलं. चाक वाकलं, बाकी वाचलं. पेट्रोल होतं, प्लग कोरडा आणि छान तपकिरी. मग इग्निशन चालू करून पेन्सिलीनं स्विचवर हलकेच टिचकी मारली. तारेवरचा दिवा क्षणभर मिटला. स्विच उघडला तर आतली पितळी पट्टी काळी पडलेली. कंपनात ती सुटत होती.

त्याच आठवड्यात ऑप्टो किल स्विच घातला. यात रिसिव्हरचा संदेश प्रकाशातून पलीकडे जातो, त्यामुळे इग्निशनची वीज रिसिव्हरपर्यंत पोचत नाही. रिमोटवरच्या एका खटक्यानं ठिणगी बंद होते, आणि सिग्नल तुटला तर फेलसेफमध्येही बंद. पंख्याजवळ हात नेण्याआधी तो खटका पाडायचाच, हा आमचा नियम. २० सीसीचा पंखा बोट तोडतो, हे हलक्यात घेऊ नका.

इंजिन चालू ठेवूनच रेंज टेस्ट (रिमोट किती अंतरापर्यंत पोचतो ती चाचणी) करा. बंद इंजिनावर पास झालेली टेस्ट अर्धीच. पेट्रोलची नळी सिलिकॉनची नको, फुगते, टायगॉन (पेट्रोलला टिकणारी प्लास्टिकची नळी) घ्या. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून संध्याकाळी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतो. १६x८ मापाच्या पंख्यावर सतराशे-अठराशे आरपीएमला ते बिनतक्रार आयडल करतं. सकाळच्या गारव्यात चोक देऊन पाच-सहा फटक्यांत चालू होतं.

पुतण्या आता पुढचं विमान बांधतोय. त्यालाही हेच इंजिन. पुशरॉडची नळी मी मापानं कापून ठेवली आहे.