पाणी आणायचं की पाणी वाटायचं?

एप्रिल २०१६. दुष्काळात मराठवाड्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी (रेल्वेचे टाकीचे डबे), साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. इथे प्रश्न असा मांडला होता: पाणी कुठून आणायचं? असा प्रश्न अभियंत्याला आवडतो. अंतर, लिटर, पंप, वेळ, सगळं मोजता येतं आणि काम झालं की नाही ते त्याच दिवशी कळतं. तहानलेल्या शहरापुढे तेव्हा दुसरा इलाजही नव्हता, म्हणून त्या गाडीला नावं ठेवणं मला पटत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने प्रश्नच वेगळा विचारला: आहे ते पाणी कशाला वापरायचं? तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने पाणलोटाची, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याची कामं केली, पण ती अनेक गावांनी केली. खरी मेख पुढे आहे. शेतीसाठी बोअर बंद, भरपूर पाणी लागणारी ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. आधी माणसं-जनावरांचं पिणं, मग उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी, तर रब्बीला कात्री.

या वाटेला शेवट नाही. दरवर्षी तीच ग्रामसभा, तीच घासाघीस. शेजाऱ्याला ‘नको’ म्हणायचं धाडस कुठल्याही निविदेत मिळत नाही. लाखोंच्या शहरात हे जसंच्या तसं चालणारही नाही. तरी मराठवाड्यात उसाचा विषय निघाला की आपण पुन्हा पाइपलाइनकडेच का वळतो, हे मात्र विचारायला हवं.