उत्तरे त्याची, सही माझी

डिचोलीच्या शाळेतून 2019 साली निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेपैकी 12 लाख रुपये मी माझ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून म्युच्युअल फंडात गुंतवले. "बाई, फॉर्म मी भरतो, तुम्ही पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सही करा," असे तो म्हणाला, आणि जन्मभर उत्तरपत्रिका तपासूनही मी ती पाने न वाचताच सह्या केल्या.

शिगम्याच्या सुमारास बाजार कोसळू लागला. 23 मार्च 2020 या एकाच दिवशी सेन्सेक्स 3,934 अंकांनी खाली आला. माझे सगळे पैसे स्मॉल कॅप, म्हणजे लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांत असल्यामुळे महिनाअखेरीस जेमतेम साडेसात लाख उरले. घराचे वासे वाळवीने पोखरले होते आणि पावसाआधी कौले उतरवणे भाग होते, म्हणून मे महिन्यात मी तोटा सोसून विकले. तुम्ही थांबला असता तर वसूल झाले असते, असे तो आजही ऐकवतो. बाजार सावरला हे खरेच. पण छपराचे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते.

तक्रार केल्यावर मला माझ्याच जोखीम-प्रश्नावलीची, म्हणजे गुंतवणूकदाराला किती जोखीम पेलेल हे ठरवणाऱ्या फॉर्मची, प्रत दाखवण्यात आली. गुंतवणुकीचा अनुभव दहा वर्षांहून अधिक. पैशांची गरज पंधरा वर्षांनंतर. मूल्य तीस टक्क्यांनी घसरल्यास "आणखी गुंतवणूक करीन". खाली शेरा होता, आक्रमक गुंतवणूकदार. उत्तरांच्या खुणा निळ्या शाईच्या, सही माझ्या काळ्या पेनाची. शाईची दखल मात्र कोणी घेतली नाही.

घसरण पाहून झोप न उडणे वेगळे आणि घसरलेले पैसे वर्षानुवर्षे न काढता घर चालवता येणे वेगळे. माझ्याकडे पहिले थोडेफार असेलही, दुसरे मुळीच नव्हते. शिवाय तो सल्लागार नव्हे, फंड कंपनीकडून कमिशन घेणारा वितरक होता. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेच्या 2013 च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला ग्राहकाची जोखीम तपासून त्याला साजेसाच सल्ला द्यावा लागतो. हा फरक मला पैसे गेल्यावर कळला. तेव्हा समोरच्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत पडताळून पाहा, प्रश्नावली स्वतःच्या हाताने भरा, पैसे कोणत्या वर्षी लागणार ते तिच्यावर लिहा आणि भरलेली प्रत चेक देण्यापूर्वीच मागून घ्या.