जुने पाच की नवी पोरं? खानदेशातल्या बास्केटबॉल संघांसाठी एक तुलना

मोसम संपला की जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या क्लबांच्या बैठकीत हा विषय निघतोच. पहिल्या पाचातले तीन-चार जण पस्तिशीच्या आसपास. कुणी रेल्वेत, कुणी शिक्षक, कुणाचं दुकान. बाकावर अकरावी-बारावीची पोरं. ती धावतात दुप्पट आणि त्यांना मिळतात शेवटची तीन मिनिटं, तीही सामना हातचा गेल्यावर. मग कुणीतरी मोबाईल पुढे करतं, "ओक्लाहोमानं सगळे स्टार सोडले आणि चॅम्पियन झाले, आपणही करू." दुसरा लगेच म्हणतो, "दादांशिवाय पहिली फेरी तरी निघंल का भो?"

बैठकीत एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, उदाहरणं नेहमी अर्धीच सांगितली जातात. ती पूर्ण सांगतो, मग आपल्याकडचं बघू.

ओक्लाहोमानं नेमकं काय केलं

ओक्लाहोमा सिटी थंडरने जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे दिलं आणि पाठोपाठ रसेल वेस्टब्रूकला ह्यूस्टनकडे. दोघांपैकी फुकट कुणीच गेलं नाही. जॉर्जच्या बदल्यात जेमतेम एकविशीचा शे गिल्जस-अलेक्झांडर आला आणि ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडायच्या पद्धतीच्या, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी आल्या. त्यातल्याच एका निवडीतून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलेन विल्यम्स मिळाला. वेस्टब्रूकच्या बदल्यात आणखी निवडी आल्या आणि सोबत ३४ वर्षांचा ख्रिस पॉल.

बैठकीत गाळला जातो तो भाग इथून पुढचा आहे. थंडरने ख्रिस पॉलला लगेच पुढे ढकललं नाही. एक अख्खा मोसम तो शेच्या शेजारी खेळला, संघाने ४४ सामने जिंकले, २८ हरले आणि प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची विजेतेपदाची स्पर्धा, गाठला. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाकडे, कधी आणि का द्यायचा, हे शेला ३४ वर्षांच्या माणसाशेजारी उभं राहून बघायला मिळालं. नोव्हेंबर २०२० मध्ये पॉल फिनिक्सला गेला, त्यानंतरच खरी पडझड झाली. आधी ७२ पैकी २२ विजय, मग ८२ पैकी २४. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसने त्यांना १५२–७९ असं हरवलं. ७३ गुणांचा तो फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वात मोठा. विजेतेपद आलं जून २०२५ मध्ये, ६८ विजयांच्या मोसमानंतर. म्हणजे सुरुवातीपासून सहा वर्षांनी. आणि त्या मोसमाआधी त्यांनी काय केलं? तिशीतला ॲलेक्स करुसो आणला, अनुभवी सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आयझाया हार्टेनस्टाईन आणला. पोरं तयार झाल्यावर शेजारी पुन्हा जाणती माणसं उभी केली.

याच वाटेने फिलाडेल्फिया गेली आणि तिला वेगळं फळ मिळालं. २०१३ पासून तीन मोसम सॅम हिंकी या व्यवस्थापकाने संघ मुद्दाम रिकामा ठेवला. विजय १९, मग १८, मग १०. तीन वर्षांत २४६ सामन्यांपैकी ४७. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, तो २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. पण २०१८ ते २०२३ या काळात संघ पाच वेळा दुसऱ्याच फेरीत बाद झाला. हिंकी स्वतः एप्रिल २०१६ मध्येच पायउतार झाला होता. माझं मत विचाराल तर फिलाडेल्फियाची चूक पोरं घेण्यात नव्हती. पोरांना हरण्याची इतकी सवय लावली की ती निघायलाच काही वर्षं गेली.

दुसरी बाजू: जुन्यांवर भिस्त

ब्रुकलिन नेट्सने २०१३ मध्ये बोस्टनकडून ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स घेतला. किंमत होती २०१४, २०१६ आणि २०१८ च्या पहिल्या फेरीच्या निवडी, शिवाय २०१७ मध्ये निवड अदलाबदल करण्याचा बोस्टनचा हक्क. नेट्सना मिळाली प्लेऑफची एक फेरी. २०१६-१७ मध्ये ते ८२ पैकी २० सामने जिंकले आणि त्या पडझडीचं बक्षीस, म्हणजे ड्राफ्टमधली वरची निवड, तीही बोस्टनच्या खिशात गेली. बोस्टनला त्या सौद्यातून जेलेन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, २०२४ मध्ये विजेतेपद मिळालं.

बोस्टनचं आणखी एक बघण्यासारखं आहे. दोन दिग्गज गेल्यावर ते एकच मोसम तळाला गेले, २५ विजय. पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये परत. आणि २०२४ च्या विजेत्या संघात ३८ वर्षांचा अल हॉरफर्ड होताच.

जुन्यांना ठेवून जिंकलेला संघ हवा असेल तर २०१४ चा सॅन अँटोनियो स्पर्स घ्या. टिम डंकन ३८, मनू जिनोबिली ३६, टोनी पार्कर ३२, आणि अंतिम फेरीत मायामीवर ४–१ अशी मात. मात्र अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला २२ वर्षांचा कवाय लेनर्ड. त्या मोसमात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही. जुने संघात राहिले, पण त्यांची मिनिटं कापली गेली आणि ती मिनिटं पोरांना मिळाली. या सगळ्यात आपल्या कामाचं उदाहरण मला हेच वाटतं.

डेट्रॉइट थोडक्यात. २०२३-२४ मध्ये तरुण संघाने सलग २८ सामने गमावले, ८२ पैकी १४ जिंकले. पुढच्या मोसमात केड कनिंगहॅम तोच, बरीचशी पोरं तीच. नवा प्रशिक्षक आला आणि टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर, मलिक बीझली असे अनुभवी नेमबाज आले. विजय ४४.

आपल्याकडे काय लागू होत नाही

एनबीएमध्ये हरण्याला मोबदला आहे. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळण्याची शक्यता जास्त. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्के संधी असते, त्याआधी सर्वात खालच्या संघाला २५ टक्के होती. शिवाय खेळाडू सोडला की बदल्यात काहीतरी येतं.

आपल्या क्लबला हरून काय मिळतं? चहा आणि परतीचा रस्ता. पस्तिशीचा सेंटर सोडला तर बदल्यात कोणी येत नाही, तो समोरच्या गल्लीतल्या क्लबकडून खेळतो. म्हणून "दोन वर्षं हरू, मग बघा" ही भाषा इथे कामाची नाही.

त्याहून मोठा फरक स्पर्धेच्या पद्धतीत आहे. ७३ गुणांनी हरलेल्या ओक्लाहोमाला त्या मोसमात अजून साठ सामने खेळायचे होते. आपल्याकडे बऱ्याच खुल्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. पहिलाच सामना चाळीस गुणांनी गेला की पोरं बॅगा भरून घरी. चाळीस मिनिटांत कुणी काय शिकणार? पूर्ण नवा संघ उतरवायचा असेल तर साखळी पद्धतीची स्पर्धा निवडा, नाहीतर शेजारच्या तीन-चार क्लबांना सांगून रविवारचे सामने ठरवा. बाद फेरीच्या स्पर्धेला मिश्र संघच न्या.

तिसरं, पोरं थांबत नाहीत. ओक्लाहोमाने शेशी करार केला होता. आपला उंच मुलगा बारावी झाली की पुण्याला, नाहीतर नाशिकला जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ज्याच्याभोवती संघ बांधायचा तोच जूनमध्ये निघून जाणार असेल तर पस्तिशीच्या माणसाला कशासाठी दुखवायचं? आधी वही घ्या आणि प्रत्येक पोराच्या नावापुढे तो कितवीत आहे ते लिहा. नववी-दहावीची चार पोरं असतील तर बांधणीला तीन मोसम आहेत. सगळी बारावीत असतील तर तुमच्याकडे बांधायला काहीच नाही, फक्त एक वर्ष आहे.

आणि चौथी गोष्ट एनबीएच्या कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. आपल्याकडचा जुना खेळाडू बहुतेकदा संघाचा खजिनदारही असतो. चेंडू त्याने आणलेले, दिव्यांच्या बिलात त्याची वर्गणी, स्पर्धेला जायची गाडी त्याची, मैदानाच्या गेटची चावी त्याच्याकडे. त्याला काढलं तर पहिल्या पाचातली एक जागा मोकळी होते आणि बाकी सगळंच बंद पडतं. हे उघड बोलायला लोक कचरतात, पण निर्णयात ते धरावंच लागतं.

मुलींच्या संघांचं गणित उलटं आहे. तिथे सीनियर सोडायचा प्रश्नच येत नाही. शिक्षण, नोकरी, लग्न यांत त्या आधीच निघून जातात. पंचविशीची एखादी मुलगी खेळायला येत असेल तर तिच्या सोयीने सरावाची वेळ बदला. तिच्यासारखी दुसरी मिळणार नाही.

दोन वाटा शेजारी ठेवल्या तर

जुने तसेच ठेवले तर पुढच्या मोसमात दोन-तीन फेऱ्या निघण्याची शक्यता जास्त, प्रायोजक खूश, बैठकीत वाद नाही. किंमत मोजावी लागते दुसऱ्या वर्षी. बाकावर बसून कंटाळलेली पोरं क्रिकेटकडे वळतात आणि सिमेंटच्या कोर्टवर एखाद्याचा गुडघा गेला की संघात मागे कुणीच उरत नाही. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, संध्याकाळच्या सरावालाही पस्तिशीचा माणूस रोज येईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

सगळे नवे उतरवले तर सराव जिवंत होतो, डिफेन्समध्ये पाय हलतात, पालक बघायला येतात. पण झोन डिफेन्स (माणसामागे न धावता आपापली जागा अडवणारा बचाव) समोर आला की चेंडू हातातच राहतो, चौथ्या क्वार्टरला चुका वाढतात, पंचांशी हुज्जत होते आणि पाचवं फाउल पडून उंच मुलगा बाहेर बसतो. सांगणारं कुणी मैदानात नसतं. प्रशिक्षक बाजूने ओरडतो ते निम्मं ऐकूच येत नाही.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. घड उतरवल्यावर ते जुनं खोड एकदम मुळाशी कापत नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरवतात, म्हणजे त्यातलं अन्न पिलाला, बुंध्याशी फुटलेल्या नव्या कोंबाला, मिळत राहतं. आणि पीलही एकच राखतात.

दोनशे मिनिटं

माझा सल्ला: माणसं मोजू नका, मिनिटं मोजा. आपल्या सामन्यात दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला दोनशे मिनिटं. चार जुने आज प्रत्येकी ३५ खेळत असतील तर १४० त्यांनीच घेतली, बाकी सगळ्यांना मिळून साठ. पुढच्या मोसमात हे ८० आणि १२० असं करा. दोन जुने प्रत्येकी २५ मिनिटं, बाकीचे दोघे प्रत्येकी १५. एक जुना मैदानात कायम राहील अशी फिरवाफिरवी करा. दोघं-दोघं एकदम बाहेर काढू नका. चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं मात्र दोन जुने आणि तीन पोरं असंच ठेवा, सामना निसटत असला तरी. अटीतटीची ती पाच मिनिटं पोरांना मिळाली नाहीत तर बाकीच्या वाटणीचा उपयोग नाही.

कोणते दोघं ठेवायचे? जास्त गुण करणारे नव्हेत. जो मैदानात बोलतो, स्क्रीन लावतो (सोबत्याला वाट मिळावी म्हणून समोरच्याच्या आड उभा राहतो), चुकलेल्या पोराला सामना चालू असतानाच जागा दाखवतो, तो ठेवा. सोळा गुण करणारा पण पास न देणारा सीनियर आधी कमी करा. तो तुमचा सगळ्यात जुना मित्र असला तरी.

एका स्थितीत मी सगळे जुने एकदम सोडा असं म्हणेन. जुनी मंडळी सरावाला येत नाहीत, थेट सामन्यालाच जर्सी घालून उतरतात आणि पोरं ते बघतात. तिथे वाट बघू नका. त्या वर्षी पहिल्याच फेरीत हराल, हरा. आणि नववीतली चार-पाच पोरं हाताशी असतील तर तो मोसम पुढे भरूनही निघतो.

एक व्यवहाराचं. हा निर्णय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दादाला घरी जाऊन भेटा, मिनिटांचा हिशेब कागदावर दाखवा आणि आधी विचारा, "पोरांचा मंगळवार-शुक्रवारचा सराव तुम्ही घ्याल का?" बरेच जण हो म्हणतात, कारण गुडघ्याचं दुखणं त्यांनाच आधी कळलेलं असतं. नाही म्हणाला तरी स्पर्धेची प्रवेशिका भरायच्या आत कळलं पाहिजे. बारा नावांची यादी एकदा गेली की मोसमभर तीच निस्तरावी लागते. गेटची चावी मागायला मात्र त्याच दिवशी जाऊ नका.