हार्वर्ड की शिकागो बूथ: मोठ्या नावांकडे बघून निवड करताना

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि शिकागो विद्यापीठाचं बूथ, या दोन्हीकडून एमबीएच्या प्रवेशाचं पत्र येणं हे भाग्यच. पण त्यानंतरचे काही आठवडे घरात कुणाला नीट झोप लागत नाही. आई-बाबा, मामा, शेजारचे काका, सगळ्यांचा प्रश्न एकच: "तिथून कोण कोण शिकून गेलंय?" दोन वर्षं आणि दोन कोटी रुपयांच्या घरातला खर्च समोर असताना हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. मी कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, शिकवते. विद्यार्थी प्रवेशाची पत्रं घेऊन येतात, तेव्हा मीही त्याच प्रश्नापासून सुरुवात करते, फक्त तिथेच थांबत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. बूथचं मोठेपण तिथल्या शिक्षकांकडून येतं, हार्वर्डचं तिथल्या विद्यार्थ्यांकडून. दोन्ही खरं मोठेपण आहे. पण तुमच्या वाट्याला त्यातलं किती येईल, हे तुम्ही कसे शिकता त्यावर ठरतं.

आधी बूथ. गेल्या काही वर्षांत तिथल्या तीन प्राध्यापकांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं: २०१३ मध्ये युजीन फामा, २०१७ मध्ये रिचर्ड थेलर, २०२२ मध्ये डग्लस डायमंड. यातला डायमंड आपल्याला सर्वांत जवळचा, असं मला वाटतं. डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये एक साधा वाटणारा प्रश्न मांडला: चांगली चाललेली बँकसुद्धा केवळ अफवेमुळे का बुडू शकते? ठेवीदाराला पैसे कधीही परत हवे असतात आणि बँकेने ते वर्षानुवर्षांच्या कर्जात गुंतवलेले असतात. सगळे एकदम रांगेत उभे राहिले की कोणतीच बँक तग धरत नाही. रांग लागूच नये म्हणून सरकारने ठेवींना विमा द्यावा, हा त्यातून निघालेला एक उपाय. नोबेल जाहीर झाल्यावर पाचच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. त्या बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला सुरुवात केली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या दारात उभे असलेले मुंबईकर ज्यांनी पाहिले, खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील हे ऐकून रडणारे म्हातारे ज्यांनी पाहिले, त्यांना हा सिद्धांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या बँकेत घोटाळा होता, त्यामुळे तिला निव्वळ अफवेचा बळी म्हणता येणार नाही. पण ठेवीदाराची भीती तीच. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याकडे ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली.

रघुराम राजन याच शाळेचे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ असताना, २००५ मध्ये, अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या परिषदेत बड्या बँकर्ससमोर त्यांनी सांगितलं की नव्या वित्तीय व्यवहारांनी जोखीम कमी न होता वाढली असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली, २००८ मध्ये आर्थिक संकट आलं तेव्हा लोकांना ते भाषण आठवलं. २०१३ ते २०१६ ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि त्यानंतर परत बूथमध्ये शिकवायला गेले. गव्हर्नरपदावरून उतरलेला माणूस पुन्हा वर्गात उभा राहतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि बूथ हे नाव आलं कुठून? डेव्हिड बूथ हा फामांचा विद्यार्थी. १९७१ मध्ये एमबीए झाला, १९८१ मध्ये गुरूच्या संशोधनाच्या पायावर गुंतवणूक कंपनी काढली आणि २००८ मध्ये शाळेला ३० कोटी डॉलर दिले. शिक्षकाचं काम आणि विद्यार्थ्याचं यश कुठे वेगळं करायचं, हे या उदाहरणात सांगताच येत नाही. बूथ निवडायचं असेल तर माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे.

आता हार्वर्ड. इथे प्राध्यापकांची कामगिरी नाही असं कोण म्हणेल? रॉबर्ट मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्येच होते. मायकल पोर्टर यांच्या मांडणीशिवाय स्ट्रॅटेजीचा कुठलाच अभ्यासक्रम आजही पुढे सरकत नाही. पण हार्वर्डच्या शिक्षकाची खरी कमाई म्हणजे त्याने लिहिलेली केस, एखाद्या खऱ्या उद्योगाची वर्गात चर्चेसाठी मांडलेली हकीकत. स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली. गिरगावात किंवा दादरला वाढलेल्या मुलाला रोजचं वाटणारं ते दृश्य बोस्टनच्या वर्गात नव्वद जण दीड तास फोडून बघतात. दोन वर्षांत अशा सुमारे पाचशे केसेस होतात. पहिल्या वर्षी नव्वद जणांची एकच तुकडी, सगळे विषय सक्तीचे आणि गुणांचा मोठा वाटा वर्गात बोलण्यावर. प्राध्यापक न सांगता कुणालाही उभं करतात.

म्हणजे तिथे तुम्ही शिकता ते मुख्यतः शेजारी बसलेल्यांकडून. म्हणूनच माजी विद्यार्थ्यांच्या यादीला हार्वर्डच्या बाबतीत जास्त वजन आहे. २०२१ च्या मार्चमध्ये जेन फ्रेझर सिटीग्रुपच्या प्रमुख झाल्या, वॉल स्ट्रीटवरच्या मोठ्या बँकेचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री. त्याच वर्षी जुलैमध्ये अँडी जॅसी अ‍ॅमेझॉनचे सीईओ झाले. आपल्याकडचे राहुल बजाज तिथले १९६४ चे एमबीए आणि आनंद महिंद्रा १९८१ चे. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यामुळे ज्यांच्या घरी पगार आला, अशी कितीतरी कुटुंबं पुण्यात आहेत.

इथे जरा सावध राहा. राहुल बजाज आणि आनंद महिंद्रा यांच्या पाठीशी घराण्याचा उद्योग होता. सत्या नडेला हे बूथचं सर्वांत झळाळतं नाव, १९९७ चे एमबीए. पण ते तेव्हाही मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करत होते. शनिवार-रविवारच्या वर्गांसाठी सिएटलहून शिकागोला विमानाने जायचे आणि सीईओ झाले ते २०१४ मध्ये. फ्रेझर १९९४ च्या, जॅसी १९९७ चे. ज्याला आपण ताजं यश म्हणतो ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या वर्गाचं फळ असतं. शिक्षकांचंही तसंच, डायमंडचा १९८३ चा निबंध २०२२ मध्ये गौरवला गेला. शिवाय शिक्षक शाळा बदलतात. मॅथ्यू गेंट्झकोव्ह यांना २०१४ मध्ये, बूथमध्ये असताना, तरुण अर्थतज्ज्ञांसाठीचं क्लार्क पदक मिळालं. पुढच्या वर्षी ते स्टॅनफर्डला गेले. आणि मोठं नाव कधी कधी खालीही येतं: २०२५ मध्ये हार्वर्डने, संशोधनातल्या आकडेवारीत फेरफार केल्याचा ठपका ठेवून, बिझनेस स्कूलच्या एका प्राध्यापिकेची कायम नियुक्ती रद्द केली. त्यांनी आरोप नाकारले आहेत. पण स्वतःच्याच माणसाची चौकशी करून निर्णय घेणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास थोडा वाढतोच.

डीनच्या, म्हणजे शाळेच्या प्रमुखाच्या, बाबतीत दोन्ही शाळा आपल्याला सारख्याच जवळच्या. श्रीकांत दातार मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, सीए, मग आयआयएम अहमदाबाद. १ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी हार्वर्डची सूत्रं घेतली. माधव राजन मद्रास विद्यापीठातून पुढे गेले आणि २०१७ मध्ये बूथचे डीन झाले. दोघंही हिशेबशास्त्राचे. मी ज्या कॉस्ट अकाउंटिंगच्या पाठ्यपुस्तकातून वर्षानुवर्षं उदाहरणं काढली, त्याच्या मुखपृष्ठावर या दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. वर्गात हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

पैशांचा फरक मात्र मोठा पडू शकतो. शिकवणी शुल्क दोन्हीकडे वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे. हार्वर्ड मदत देतं ती आर्थिक गरज बघून. बूथ गुणवत्तेवरही शिष्यवृत्ती देतं. गरज मोठी असेल तर हार्वर्डकडून बरंच मिळू शकतं. गरज कमी असून तुमचे गुण उत्तम असतील तर बूथचं पत्र स्वस्त पडू शकतं. व्हिसाचंही बघा. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकार काढून घेण्याचा आदेश काढला आणि न्यायालयाने तो रोखला. अशा अनिश्चिततेत कर्ज काढताना घरच्यांशी मोकळेपणाने बोला.

आता निवड. फायनान्स, अर्थशास्त्र, आकडे यांत तुमचा जीव रमत असेल तर डोळे झाकून बूथला जा. तिथे सक्तीचा कोर्स जवळपास एकच, बाकी सगळं तुम्ही निवडायचं. पण नोबेल मिळालेले प्राध्यापक एमबीएच्या वर्गाला शिकवतात की फक्त पीएचडीच्या, हे त्या वर्षाचं वेळापत्रक मागवून तपासा. घरचा धंदा सांभाळायचा असेल, शंभर प्रकारच्या माणसांसमोर निर्णय मांडायची सवय हवी असेल तर हार्वर्ड. चारचौघांत बोलताना घशाला कोरड पडते म्हणून हार्वर्ड टाळू नका. माझ्या ओळखीतली अशी मुलं तिथे पहिले दोन महिने रडली आणि तिसऱ्या महिन्यात हात वर करायला लागली.

पत्राची मुदत संपण्याआधी दोन्हीकडच्या, गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या एकेका मराठी विद्यार्थ्याशी फोनवर बोला. त्यांना विचारा, "कोणत्या सरांनी तुला नावाने ओळखलं?" उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, तेही ऐका.