छोट्या गाडीचं हायवेवरचं अ‍ॅव्हरेज
बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षं वापरतोय. सिटीत अ‍ॅव्हरेज ठीकठाकच, पण हायवेला ८०-९० वर टॉप गिअरमधे धरली की लिटरला २० आरामात देते, आणि हे टाकी फुल ते फुल मोजलेलं, डिस्प्लेचं नाही, तो पठ्ठ्या एखाद-दोनने फुगवूनच सांगतो. ११० ला नेली की मात्र बोंब, हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो ना, थेट १६ वर. उतारावर न्यूट्रल करू नका राव, गिअरमधेच पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळत राहतं. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी पेट्रोल खातो, मी तो काढून माळ्यावर टाकला. सीट मात्र लांबच्या पल्ल्याला कंबर मोडते, त्यावर उशी ठेवून बघितली, काही फरक नाही.