अमळनेरच्या वैमानिक सरांची शिकवणी: एका पालकाचा अनुभव

माझ्या मुलीने बारावीनंतर अमळनेरमध्ये एका तरुण वैमानिकाकडे कमर्शियल पायलट लायसन्सच्या दोन विषयांची शिकवणी लावली होती. एअर नेव्हिगेशन (विमानाची दिशा आणि मार्ग ठरवणे) आणि मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) हे ते विषय. धुळे, शिरपूर आणि जळगाव येथे विमान उडवण्याचे प्रशिक्षण मिळू लागल्यापासून आपल्याकडच्या पालकांमध्ये या क्षेत्राची चौकशी वाढली आहे. लेखी परीक्षेची तयारी मात्र दिल्ली किंवा मुंबईला राहूनच करावी लागते, असा समज अजून कायम आहे. आमचा अनुभव वेगळा असल्यामुळे तो सविस्तर लिहीत आहे.

सर स्वतः एका प्रशिक्षण संस्थेत सहायक प्रशिक्षक आहेत. पहाटे ते मोटारसायकलने धावपट्टीवर जातात, विद्यार्थ्यांबरोबर उड्डाणे करतात आणि दुपारी घरी परततात. संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी असते. त्याखेरीज अकरावी-बारावीच्या मुलांना ते भौतिकशास्त्र आणि गणितही शिकवतात, तर हिवाळ्यात रविवारी त्यांच्या घरून भरिताच्या ऑर्डरी जातात. हा सगळा खटाटोप हौसेचा नाही. लायसन्स मिळवण्यासाठी घरच्यांनी जमीन गहाण ठेवून काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे. एअरलाइनमध्ये जायचे तर त्या-त्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान चालवण्याची वेगळी पात्रता, आधी मिळवावे लागते आणि त्यालाही लाखांत पैसे मोजावे लागतात. तोवर प्रशिक्षकाचे काम करून उड्डाणाचे तास वाढवायचे. मानधन उड्डाणाच्या तासांवर ठरलेले असल्यामुळे पावसाळ्यात ढग खाली आले आणि उड्डाणे थांबली की मिळकतही आटते, हप्ता मात्र दर महिन्याला तेवढाच जातो. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगार, ही आपल्याकडची कल्पना सुरुवातीच्या वर्षांना लागू पडत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मुलीला या वाटेने पाठवणाऱ्या बापाला ते आधी कळणे फार गरजेचे होते.

आता शिकवण्याबद्दल. रोज विमानात बसणारा माणूस शिकवतो तेव्हा पुस्तकातली गोष्ट हाताशी येते, याचा प्रत्यय मला दुसऱ्याच आठवड्यात आला. मुलीला न्यायला लवकर गेलो होतो, म्हणून दाराशी बसून ऐकत होतो. वाऱ्याच्या त्रिकोणाचा, म्हणजे वारा धरून विमानाची दिशा काढण्याचा धडा चालू होता. सरांनी आधी तापी ओलांडणाऱ्या नावेचे उदाहरण दिले. नावाडी नावेचे नाक कधीच समोरच्या घाटाकडे धरत नाही, वरच्या अंगाला धरतो, कारण पाणी त्याला खाली ओढणार हे त्याला ठाऊक असते. मग त्यांनी गणित घातले. विमानाचा हवेतला वेग 100 नॉट (म्हणजे तासाला 100 सागरी मैल), जायचे आहे थेट उत्तरेला आणि वारा पश्चिमेकडून 20 नॉटचा. नाक किती अंश वळवायचे? मुलांनी गोल फ्लाइट कम्प्युटरच्या (हे हाताने फिरवायचे गणिताचे साधन) चकत्या फिरवून, पेन्सिलीने ठिपका करून उत्तर काढले: साडेअकरा अंश पश्चिमेला, आणि जमिनीवरचा वेग 98 नॉट. माझ्या मुलीने चकती उलट्या बाजूला फिरवली होती. सरांनी तिला रागावण्याऐवजी विचारले, “तू नावाडी असतीस तर नाव कुठे लागली असती?” तिचे तिलाच कळले आणि ती चूक तिने पुन्हा केली नाही.

हवामानशास्त्रही त्यांनी असेच आपल्या मातीत आणून शिकवले. मे महिन्यात दुपारी 43 अंश तापमान असताना 250 मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर हवा किती विरळ लागेल, हे त्यांनी मुलांकडून फळ्यावर काढून घेतले. त्या उंचीवरचे प्रमाणित तापमान सुमारे 13 अंश, म्हणजे फरक 30 अंशांचा. गरम हवा विरळ असते, म्हणून दर जादा अंशाला 120 फूट उंची वाढल्यासारखी धरली तर 3600 फूट होतात आणि त्यात धावपट्टीची 820 फूट उंची मिळवली की बेरीज 4400 फुटांच्या वर जाते. म्हणजे विमान उभे असते खानदेशात, पण पंखांना आणि इंजिनाला हवा मिळते ती महाबळेश्वराच्या उंचीवरची. म्हणूनच उन्हाळ्यात धाव लांबते, विमान संथपणे वर चढते आणि शिकाऊ उड्डाणे सकाळी लवकर उरकावी लागतात. आम्ही जन्मभर हे ऊन सोसले, पण त्याचा असा हिशेब कधी केला नव्हता.

माझी सुरुवातीची तक्रार मात्र वेळेबद्दल होती. आमचे गाव अमळनेरपासून 14 किलोमीटरवर आहे. पहिल्या महिन्यात तीन वेळा असे झाले, की आम्ही दारात पोहोचलो आणि शिकवणी रद्द झाल्याचे कळले. तिसऱ्या वेळी त्यांच्या आईने दार उघडून हलक्या आवाजात सांगितले, “पोऱ्या झोपेल शे, भाऊ,” म्हणजे मुलगा झोपला आहे. मी रागाने परतलो. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः फोन करून माफी मागितली आणि त्यांचा नियम समजावून सांगितला: सकाळी सहाचे उड्डाण असेल आणि आदल्या दिवशी काम लांबले असेल, तर ते त्या आदल्या संध्याकाळी शिकवत नाहीत, मग फी बुडाली तरी चालेल.

पुढे त्यांनी मुलांना 2009 साली अमेरिकेत बफेलोजवळ झालेल्या विमान अपघाताची माहिती दिली. त्यात 50 जणांचा जीव गेला. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच ठरले, पण वैमानिकांच्या थकव्यामुळे त्यांची कामगिरी खालावली असावी, असेही चौकशीच्या अहवालात नमूद झाले. तरुण सहवैमानिकेचा तुटपुंजा पगार, नोकरीच्या गावी राहणे न परवडणे आणि कामावर येण्यासाठी रात्रभर केलेला प्रवास या गोष्टींची त्या चौकशीत जाहीर चर्चा झाली. सर म्हणाले, “काका, मला दुसरे काम करावेच लागते. पण ते पहिल्या कामाची झोप खाणार नाही, एवढे तरी माझ्या हातात आहे.” त्या दिवसापासून शिकवणी रद्द झाल्याचा मला राग आला नाही. उलट, उद्या माझी मुलगी अशा कोणा प्रशिक्षकाच्या शेजारी बसणार असेल तर तो आदल्या रात्री झोपलेला असावा, हेच मला हवे आहे. मात्र निरोप दुपारी चारच्या आत कळवावा, असा माझा आग्रह होता आणि तो त्यांनी नंतर पाळला.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. परीक्षा संगणकावर, वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते आणि प्रत्येक विषयात 70 टक्के गुण लागतात. त्या पद्धतीच्या सराव परीक्षा इथे अगदी कमी झाल्या. खोलीला इन्व्हर्टर नाही, त्यामुळे वीज गेली की मोबाइलच्या उजेडात नकाशा वाचावा लागतो. एअर रेग्युलेशनचे (हवाई नियमांच्या विषयाचे) काही तास मुलीने बसून पाहिले, पण त्यात नियम वाचून दाखवण्यापलीकडे फारसे काही नव्हते, म्हणून तो विषय आम्ही त्यांच्याकडे लावला नाही. मुलगी मेटिऑरॉलॉजीत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. नेव्हिगेशनला दुसरी खेप लागली आणि त्याला सरावाची कमतरता हेच कारण होते, असे मला वाटते.

दोन्ही विषयांचे मिळून तीन महिन्यांचे 9,000 रुपये आम्ही दिले. दिल्लीतले राहणे, खाणे आणि तिथल्या वर्गाचे शुल्क यांचा विचार करता ही रक्कम फारच कमी आहे. ती कमी करून मागणारे पालक मी तिथे पाहिले आणि मला वाईट वाटले. दोनशे तासांचे उड्डाण करून, त्यातले शंभर तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन ज्याने लायसन्स मिळवले, त्याच्याशी भाजीबाजारासारखी घासाघीस करू नये आणि फीचा हप्ता ठरल्या तारखेला द्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

भरिताबद्दल दोन वाक्ये. वांगी पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भाजलेली आणि लाकडी बडगीत, म्हणजे ठेचण्याच्या भांड्यात, ठेचलेली असतात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मिळते. आम्ही दोनदा मागवले आणि दोन्ही वेळा चव अस्सल होती.

नवीन तुकडी दिवाळीनंतर सुरू होते आणि सहापेक्षा जास्त मुले घेतली जात नाहीत, म्हणून चौकशी आधीच करावी. भरिताची ऑर्डर शुक्रवारपर्यंत द्यावी लागते. फोन संध्याकाळी पाचनंतरच करावा, कारण दुपारी सर झोपलेले असतात.