जीएफपी किट: बॅक्टेरिया चमकले, टॉर्च नाही

यंदा सेकंड इयर मायक्रोबायोलॉजीच्या पोरांसाठी बॅक्टेरिया चमकवायचं किट मागवलं, तेच ते जेलीफिशच्या जीएफपीवालं (जीएफपी म्हणजे यूव्हीत हिरवं चमकणारं प्रोटीन). किंमत बघून एचओडी मॅडम दोन दिवस सहीच करेनात. पार्सल आलं तेही उशिरा, आइसपॅकचं पार पाणी झालेलं आणि सोबतच्या यूव्ही टॉर्चचे सेल फुगलेले, तीन मेल टाकले तरी ‘लवकरच संपर्क करू’च्या पुढे गाडी सरकत नाहीये. शेवटी बाजारातनं नोटा तपासायचा दिवा आणला, मस्त चालला.

बाकी काम सोपं. ई. कोलाय बॅक्टेरिया आणि प्लाझ्मिड (जीएफपीचा जीन असलेलं डीएनएचं छोटं वेटोळं) एकत्र बर्फात, मग ४२ डिग्रीला बरोब्बर ५० सेकंद, की लगेच परत बर्फात. एक ग्रुप गप्पा मारत बसला, त्यांच्या प्लेटवर मोजून तीन कॉलन्या (बॅक्टेरियाचे ठिपके).

दुसऱ्या दिवशी पडदे ओढून दिवा लावला. दोन प्लेटांवर तेच बॅक्टेरिया, तोच प्लाझ्मिड, फक्त एकीच्या मीडियात (बॅक्टेरियाच्या खाद्यात) अरॅबिनोज नावाची साखर. साखरवाली पोपटी हिरवी, दुसरी नुसती पांढरट. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, म्हणजे साखर आहे का नाही ते हे सांगतायत?" अरे तेच तर! साखर मिळाली की प्लाझ्मिडवरचा स्विच दबतो आणि जीएफपीचा जीन चालू होतो. आणि मॅन्युअलमध्ये नेमकं याच्याबद्दल एक ओळ नाही, नुसतं चमकवा आणि फोटो काढा.

खरं तर साखरेचा स्विच काढून आर्सेनिकचा बसवला की झाला प्रदूषणाचा सेन्सर. तो स्विच ई. कोलायकडे मुळातच असतो. आर्सआर नावाचं प्रोटीन डीएनएवर ठिय्या मारून बसलेलं असतं, आर्सेनाइट (आर्सेनिकचंच एक रूप) आत आलं की ते उठतं आणि पुढचा जीन चालू, तिथे जीएफपी जोडून द्यायचं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, बंगाल-बांगलादेशातल्या कित्येक बोअरवेल त्याच्या कितीतरी वर, त्यामुळे हा काही नुसता लॅबमधला खेळ नाही. व्हिएतनाममधल्या बोअरच्या पाण्यावर असे बॅक्टेरिया वापरूनही झालेत, फक्त तिथे जीएफपीऐवजी ल्युसिफरेज, म्हणजे स्वतःच प्रकाश पाडणारं एन्झाइम होतं. जीएफपी जरा आळशीच, तयार व्हायला वेळ लागतो आणि ऑक्सिजनही.

मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा कुठे किटचे पैसे वसूल झाले असं वाटलं.

साडेतीन स्टार. ब्लीच किटमध्ये येत नाही, वेगळं आणून ठेवा, आणि वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. टॉर्च बदलून आला तर अर्धा स्टार वाढवतो.